वाटेवरचे तेल आणि द्राक्षारस

(शास्त्रपाठ : लूक १०:२५–३७, मत्तय ८:५–१३)



यरुशलेमाहून यरीहोस उतरताना लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याचा दाखला आपल्या मंडळ्यांतील लहान लेकरांनाही ठाऊक आहे. याजक दुसऱ्या बाजूने गेला, लेवीही दुसऱ्या बाजूने गेला, आणि ज्याच्याशी यहूदी लोक संबंध ठेवीत नसत त्या शोमरोन्याला मात्र कळवळा आला, इतके आपण सर्व जण सांगतो. परंतु त्या शोमरोन्याने जे केले त्याच्या क्रमाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. त्याने आधी जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या. मग जखमी मनुष्याला आपल्या जनावरावर बसविले. आणि त्यानंतर उतारशाळा आली. उतारशाळेत अंथरूण होते, अन्न होते, सांभाळ करणारा माणूस होता. तेथे पोहोचल्यावर सर्व काही नीट होणार होते. तरी त्या भल्या मनुष्याने उतारशाळेची वाट पाहिली नाही. दुखणे वाटेवर होते, म्हणून त्याने औषधही वाटेवरच काढले.

आज आम्ही ह्या क्रमाविषयी लिहितो, कारण आमच्या खेडोपाडीच्या मंडळ्यांत कित्येक घरे सध्या ह्याच वाटेवर आहेत. समजा, एका बहिणीला गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग झाला आहे. तालुक्याच्या डॉक्टरांनी रोग ओळखला, शहरातील मोठ्या रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली, तेथे तपासण्या झाल्या, आणि किरणोपचारासाठी पुढची तारीख मिळाली. ती तारीख काही आठवडे दूर आहे. नवरा केसपेपर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवतो आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत त्या दिवसाभोवती खूण करतो. परंतु त्या खुणेपर्यंतच्या रात्री कोणी मोजायच्या? कंबरेत व मांड्यांत कळा येतात, बहीण भिंतीकडे तोंड करून पडते, पदर तोंडात धरते, आणि नवऱ्याने विचारले तर म्हणते, "काही नाही, तुम्ही झोपा." तो म्हणतो, "तारीख आली की सगळे बरे होईल." दोघेही एकमेकांवर प्रीती करितात, दोघेही देवावर भाव ठेवतात, आणि तरी त्या घरात वाटेवरचे तेल कोणी काढलेले नाही.

आमचे सांगणे एवढेच आहे की, मोठ्या वैद्याची वाट पाहणे ही एक गोष्ट आहे आणि तोवर वेदना मुकाट्याने सोसणे ही निराळी गोष्ट आहे. पहिली कधी कधी टळत नाही. दुसरी पुष्कळदा टळते. आणि ती टाळण्याकरिता जोडीदाराने तोंड उघडणे, मागणे, पुन्हा जाऊन मागणे, हे विवाहाच्या वचनातले कर्तव्य आहे. ते तीन भागांत पाहू.

पहिले : वेदना सोसणे हा भक्तीचा पुरावा नव्हे.

आमच्यातील कित्येकांच्या मनात असा एक समज घर करून बसला आहे की, देवाने दिलेले दुखणे औषधाने कमी करणे म्हणजे त्याच्या इच्छेविरुद्ध जाणे होय. हा समज नवा नाही. १८४७ साली स्कॉटलंडातील एडिंबरो येथे डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरण्यास आरंभ केला, तेव्हा कित्येकांनी उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायाकडे बोट दाखवून आक्षेप घेतला की, स्त्रीने क्लेशाने प्रसवावे हे ठरलेले असता मनुष्याने त्यात हात का घालावा? सिम्प्सन हे स्वतः शास्त्र वाचणारे होते. त्यांनी उलट त्याच पुस्तकाचा दुसरा अध्याय पुढे केला : आदामाची फासळी काढण्यापूर्वी परमेश्वराने त्याला गाढ निद्रा आणली नव्हती काय? १८५३ साली इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीने आपल्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतला, आणि पुढे तो वाद हळूहळू निवला. आज शस्त्रक्रियेपूर्वी भूल घेताना कोणाही विश्वासणाऱ्याच्या मनात खळबळ होत नाही. मग कर्करोगाच्या कळा थांबविणारी गोळी घेताना ती का व्हावी?

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे. कोणी म्हणतात, वधस्तंभावर देण्यापूर्वी प्रभूला बोळ मिसळलेला द्राक्षारस देऊ केला होता आणि तो त्याने घेतला नाही. मग त्याच्या शिष्यांनी गुंगीचे औषध का घ्यावे? बंधूंनो, प्रभू आपल्यासाठी जो प्याला पीत होता तो त्याने एकदाच व पूर्ण प्याला, आणि त्यात आपण भर घालावी असे त्याने कोणास सांगितले नाही. शुभवर्तमाने उघडून पाहा : आंधळा आला, महारोगी आला, बारा वर्षे रक्तस्राव होणारी स्त्री आली, त्यांपैकी कोणालाही त्याने "हे सोसणे तुझ्या आत्म्यास हितकर आहे, तू परत जा," असे सांगून लावून दिले नाही. आणि त्याच वधस्तंभावर शेवटच्या घटकेस त्याने आपली तहान बोलून दाखविली व ओठांशी आलेला आंबेचा बोळा घेतला. देवाच्या पुत्राने आपली गरज लपविली नाही, तर आपल्या बहिणीने पदर तोंडात का धरावा?

पौलाच्या शरीरातील काट्याचा दाखलाही पुष्कळदा चुकीच्या जागी लावला जातो. तो काटा निघाला नाही हे खरे. परंतु तो निघावा म्हणून पौलाने तीन वेळा विनंती केली हेही तेवढेच खरे. मागितल्यावाचून तो गप्प बसला नाही. आणि तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी त्याने केवळ प्रार्थना सुचविली नाही, तर पोटासाठी काय घ्यावे हेही लिहून कळविले. ज्या मिशनऱ्यांनी आमच्या प्रांतात शुभवर्तमान आणले, त्यांनीही औषधाची पेटी मागे ठेवली नव्हती. मिरजेस डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडले. तेथे प्रार्थना व शस्त्रक्रिया एकाच छपराखाली होत, आणि एकीमुळे दुसरीस कमीपणा आला असे कोणास वाटले नाही.

दुसरे : ज्याच्यासाठी मागावयाचे त्याचे दुखणे आधी ऐकले पाहिजे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी एल्काना नावाचा पती आहे. त्याची हन्नेवर प्रीती होती ह्यात शंका नाही. तो सणाच्या वेळी तिला विशेष वाटा देत असे. पण ती रडत होती व जेवत नव्हती, तेव्हा त्याने काय केले? तू का रडतेस असे विचारले आणि तिच्या उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर दिले की, दहा पुत्रांहून मी तुला अधिक नाही काय? प्रीती होती, ऐकणे नव्हते. आमच्या घरांतले कित्येक एल्काना असेच आहेत. ते दूध आणतात, फळे आणतात, उधार काढून गाडी करितात, परंतु "कोठे दुखते? कसे दुखते? किती दुखते?" असे बसून विचारीत नाहीत. आणि विचारले तरी, बाईमाणसाचे ते दुखणे, ते काय बोलायचे, म्हणून दोघेही गप्प राहतात.

हन्नेच्याच कथेत एली याजकही आहे. तिचे ओठ हलताना पाहून ती प्याली आहे असे त्याला वाटले. मंदिराच्या खांबाजवळ बसलेल्या अधिकाऱ्याचीही अशी चूक झाली. तथापि हन्नेने आपली अवस्था स्पष्ट शब्दांत सांगितली तेव्हा त्याने आपले मत फिरविले व तिला आशीर्वाद दिला. ह्यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. अधिकाराच्या जागी बसलेल्या मनुष्यास आपले दुखणे दिसेलच असे धरून चालू नये. आणि स्पष्ट सांगितल्यावर तो ऐकणारच नाही असेही आधीच धरून बसू नये.

म्हणून, हे पतीहो, प्रथम आपल्या पत्नीजवळ बसा. तिला शून्यापासून दहापर्यंत अंक विचारा : शून्य म्हणजे मुळीच दुखत नाही, दहा म्हणजे ह्याहून अधिक दुखणे कल्पनेत येत नाही. डॉक्टर लोक हीच रीत वापरतात. दुखणे कळ मारल्यासारखे आहे, की ठणकते, की आग होते, की मुंग्या येतात, हेही विचारा. कारण आग होणाऱ्या व मुंग्या येणाऱ्या दुखण्याला, म्हणजे शिरा दबून उठणाऱ्या दुखण्याला, निराळी औषधे लागतात. कोणत्या वेळी वाढते, झोप किती लागते, कोणती गोळी केव्हा दिली आणि तिचा गुण किती वेळ टिकला, हे सर्व मुलाच्या शाळेच्या जुन्या वहीत रोज दोन ओळींत लिहून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी उपदेशकांनी अथवा शाळेत जाणाऱ्या लेकरांनी लिहावे. अशी आठ दिवसांची वही डॉक्टरांपुढे ठेवली म्हणजे ती अर्ध्या तासाच्या रडण्याहून अधिक बोलते.

आणि हे भगिनींनो, जेथे आजारी पती आहे तेथे हेच तुमचेही काम आहे. "बाई, तुम्ही बाहेर थांबा," असे कोणी म्हटले तर नम्रपणे सांगा की, रात्रभर मीच ह्यांच्याजवळ जागते, ह्यांचे दुखणे मला ठाऊक आहे. पुरुषमाणूस कण्हत नाही असा आपल्याकडे गर्व आहे. डॉक्टरांनी विचारले की तो "ठीक आहे" म्हणतो, आणि घरी आल्यावर रात्रभर उंबऱ्यावर बसून असतो. तेव्हा त्याच्या समक्ष, त्याचा मान राखून, खरी गोष्ट तुम्हीच सांगितली पाहिजे.

तिसरे : मागणे स्पष्ट असावे, आणि उत्तर न मिळाल्यास पुन्हा जावे.

कफर्णहुमातील शताधिपती प्रभूकडे आला तो आपल्या चाकरासाठी. त्याने लांबण लावली नाही. चाकर घरी पडून आहे, पक्षघाताने पडला आहे आणि भयंकर पीडेत आहे : माणूस कोठे आहे, रोग कोणता, आणि पीडा किती, ह्या तिन्ही गोष्टी त्याने एका दमात मांडल्या. चाकरासाठी एक विदेशी सैनिक इतके नीट बोलतो, तर ज्या देहाशी आपण एकदेह झालो त्याच्यासाठी आपण किती नीट बोलावे! इसहाकाने आपल्या पत्नीसाठी परमेश्वराजवळ विनवणी केली असे उत्पत्तीच्या पंचविसाव्या अध्यायात लिहिले आहे. जो पती देवापुढे पत्नीसाठी बोलतो, त्याने वैद्यापुढे मुके होऊ नये.

आता कोणाकडे जावे व काय मागावे, ते सांगतो. मोठ्या रुग्णालयाची तारीख दूर असली तरी वेदना कमी करणारे औषध त्याच तारखेस मिळते असे नाही. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, अथवा ज्यांनी चिठ्ठी दिली ते डॉक्टर, ह्यांच्याकडे मधल्या काळात जाता येते. आयुष्मान भारत योजनेखालील आरोग्य केंद्रांच्या ठरलेल्या सेवांत वेदनाशमनाची सेवाही धरलेली आहे, आणि आशाताईला वाट ठाऊक असते. तेथे जाऊन तीन वाक्ये बोलावी. पहिले : "तारीख अमुक दिवशी आहे, पण आज दुखणे दहापैकी आठ आहे आणि रात्री झोप नाही." दुसरे : "डॉक्टरसाहेब, तोवर दुखणे आवरण्यासाठी काय देता येईल?" तिसरे : "येथे ते औषध नसेल तर कोठे मिळेल, आणि तशी चिठ्ठी द्याल काय?" ह्या तिसऱ्या वाक्याचे मोल फार आहे, ते का ते ऐका.

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली कर्करोगाच्या वेदनेसाठी तीन पायऱ्यांची शिडी सांगितली. सौम्य दुखण्याला पॅरासिटामॉलसारखी औषधे. त्याने भागले नाही तर कोडीनसारखी. आणि तीव्र दुखण्याला मॉर्फीन. औषध शक्य तोवर तोंडाने द्यावे, आणि कळ उठण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यावे, हेही त्यात सांगितले आहे. हीच रीत त्यापूर्वी लंडन येथे डॉ. सिसिली सॉन्डर्स नावाच्या ख्रिस्ती स्त्रीने चालविली होती. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णांच्या घरची अडचण पाहणाऱ्या समाजसेविका, आणि शेवटी डॉक्टर झाल्या. १९६७ साली त्यांनी मरणोन्मुख रुग्णांसाठी सेंट क्रिस्टोफर हे सेवास्थान उघडले. मनुष्याची वेदना केवळ शरीराची नसते, मनाची, घरादाराची व आत्म्याचीही असते, आणि चारही ठिकाणी तेल ओतावे लागते, असे त्यांचे शिक्षण होते. आपल्या देशातील अशा प्रकारचे पहिले सेवास्थान १९८६ साली मुंबईत वांद्र्यास निघाले. त्याच्या "शांती अवेदना" ह्या नावातच वेदना नसण्याचा अर्थ आहे.

मॉर्फीन हे अफूपासून होते. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश ह्या प्रांतांत सरकारी परवान्याने अफूची शेती होते; म्हणजे ज्या देशात हे औषध पिकते त्याच देशाच्या खेड्यांत ते पोहोचत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. ह्याचे एक कारण असे की, १९८५ सालच्या अमली पदार्थांच्या कायद्याने परवान्यांची इतकी गुंतागुंत झाली की पुष्कळ रुग्णालयांनी व दुकानांनी ते ठेवणेच सोडून दिले. २०१४ साली संसदेने त्या कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फीनसारख्या औषधांना अत्यावश्यक म्हणून वेगळे काढले आणि मान्यता मिळालेल्या रुग्णालयांस ती ठेवण्याचा मार्ग सोपा केला. तरी प्रत्येक दवाखान्यात ती असतीलच असे नाही. तेव्हा जवळच्या डॉक्टरांनी "माझ्याकडे नाही" म्हटले तर तो नकार दुष्टपणाचा आहे असे समजून भांडू नये. कोठे आहे ते विचारावे व चिठ्ठी घ्यावी. जिल्हा रुग्णालयातील अथवा कर्करोग रुग्णालयातील वेदनाशमन विभाग म्हणजेच पॅलिएटिव्ह विभाग कोणता, ही चौकशी करावी. त्या विभागाचे नाव ऐकून "आता काही आशा उरली नाही" असे समजून घाबरू नये. मूळ रोगावर उपचार चालू असतानाही तेथील औषध घेता येते.

मॉर्फीनविषयी लोकांच्या मनात दोन भये असतात. एक, व्यसन लागेल. दुसरे, ह्याने माणूस लवकर मरेल. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरवून दिलेल्या मापाने, कर्करोगाच्या वेदनेसाठी ते दिले असता ही भये क्वचितच खरी ठरतात. तथापि ते खेळणे नव्हे. आरंभी काही दिवस सुस्ती व मळमळ होते, आणि पोट तर हटकून बांधते. म्हणून त्याबरोबर शौचाचे औषध मागून घ्यावे. माप आपल्या मनाने वाढवू नये, एकाएकी बंदही करू नये, त्याबरोबर दारू कदापि घेऊ नये, दुसऱ्या कोणास ते देऊ नये, आणि कुलपात ठेवावे. रुग्ण हाक मारूनही जागा होत नसेल अथवा श्वास फार मंद झाला असेल, तर तत्काळ रुग्णालय गाठावे. शिवाय प्रत्येक दुखण्याला मॉर्फीन लागते असे नाही. गुडघेदुखी, जुनी पाठदुखी, ह्यांची वाट निराळी आहे, आणि कोणते औषध द्यावे हे डॉक्टरांनीच ठरवावे.

येथे दोन इशारे देणे आम्हांस आवश्यक वाटते. पहिला असा की, मेडिकल दुकानातून चिठ्ठीवाचून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या निर्धास्तपणे घेऊ नयेत. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ह्या गोळ्या फार दिवस व उपाशीपोटी घेतल्याने पोटात रक्तस्राव होतो व मूत्रपिंडे बिघडतात. पॅरासिटामॉल निरनिराळ्या नावांनी विकले जाते. दोन नावांच्या गोळ्यांत एकच औषध दुप्पट जाऊन यकृतास अपाय होऊ शकतो. म्हणून सर्व वेष्टने पिशवीत घालून डॉक्टरांस दाखवावी. भोंदू वैद्याच्या पुड्यांविषयी तर बोलावयासच नको. दुसरा इशारा असा की, काही लक्षणे तारखेची वाट पाहू देत नाहीत. कर्करोगाच्या रुग्णाच्या पाठीत कळ येऊन पायांतील शक्ती जाऊ लागली, लघवी अडली अथवा तिच्यावरचा ताबा सुटला. काळे शौच अथवा रक्ताची उलटी झाली. थंडी वाजून जोराचा ताप आला. छातीत दुखून दम लागला. तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठे रुग्णालय गाठावे. पाठीच्या मज्जारज्जूवर दाब आला असता काही तासांच्या विलंबानेही पाय कायमचे जाऊ शकतात.

आता कोणी म्हणेल, आम्ही गेलो, मागितले, आणि आम्हांस परत पाठविले. त्यासाठी प्रभूने त्या विधवेचा दाखला सांगून ठेवला आहे, जी देवाला न भिणाऱ्या न्यायाधीशाकडे वारंवार गेली. डॉक्टर हे तसे अन्यायी न्यायाधीश नव्हेत. त्यांच्या दारात शंभर माणसे उभी असतात व त्यांचेही डोळे थकतात. परंतु जर अन्यायी माणसापुढेही चिकाटी फळास येते, तर थकलेल्या भल्या माणसापुढे ती का येऊ नये? आवाज न चढविता जावे, वही घेऊन जावे, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. मोठ्या रुग्णालयालाही कळवावे की दुखणे वाढले आहे. दुखणे वाढल्याचे समजल्यावर कधी तारीख अलीकडे आणता येते. हाडात गेलेल्या कर्करोगाच्या वेदनेवर किरणोपचाराची लहानशी मात्राही पुष्कळदा आराम देते. तो लवकर मिळेल काय, हे विचारण्यात उद्धटपणा नाही.

मागण्यातही अर्धेमुर्धे मागणे असते, हे एका जुन्या गोष्टीवरून दिसते. वेल्लोरच्या प्रसिद्ध रुग्णालयाच्या संस्थापिका डॉ. आयडा स्कडर ह्या तरुणपणी तमिळ प्रांतात तिंडीवनम येथे असता, एकाच रात्री तीन पुरुष त्यांच्या दारी आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या होत्या. आयडाबाई तेव्हा डॉक्टर नव्हत्या. त्यांचे वडील डॉक्टर होते. परंतु परक्या पुरुषाने आमच्या स्त्रीस पाहणे रीतीत बसत नाही, म्हणून तिघांनीही त्यांना नेले नाही. तिन्ही स्त्रिया मरण पावल्या. त्या पतींना दयामाया नव्हती असे नाही; ते रात्री घराबाहेर पडले होते, दार ठोठावले होते. परंतु लोकलज्जेच्या उंबरठ्याशी त्यांचे मागणे थांबले. आयडाबाई पुढे अमेरिकेत वैद्यक शिकल्या व १९०० साली परत येऊन त्यांनी वेल्लोरास कार्यास आरंभ केला. आज आमच्या मंडळ्यांत कोणत्याही पतीने "लोक काय म्हणतील", "बाईचे दुखणे कसे बोलायचे", ह्या उंबरठ्याशी थांबू नये.

उपदेशक बंधूंना आणि बायबलबायांना आमची वेगळी विनंती आहे. आजाऱ्याच्या खाटेशी प्रार्थना करून उठताना "विश्वास ठेवा" एवढेच बोलून निघू नका. जिला दुखणे आवरत नाही तिला ह्या शब्दांतून "तुझा विश्वास उणा आहे" असे ऐकू येते, आणि मग तिच्या दुखण्यावर दोषाचाही भार पडतो. त्याऐवजी विचारा : औषध केव्हा दिले? वही कोठे आहे? पुढच्या वेळी मी बरोबर येऊ काय? केसपेपर वाचता येणारा एक मनुष्य सोबत असला म्हणजे भांबावलेल्या पतीला दहा हत्तींचे बळ येते. मंडळीने गाडीभाड्याचा वाटा उचलावा. एखादीने रात्री दोन तास बसून जागणाऱ्याला झोपू द्यावे. पक्षघाती मनुष्याला खाटेसकट छपरातून खाली सोडणारे चौघे होते, हे विसरू नका. खाटेचे चार कोपरे असतात. पती अथवा पत्नी एकच कोपरा धरू शकते.

आणि जो जोडीदार दिवसरात्र उशाशी आहे त्याला आमचे हे शब्द. तुम्ही मागता म्हणून तुम्ही कुरकूर करणारे ठरत नाही. तुम्ही औषध आणता म्हणून तुमची प्रार्थना खोटी ठरत नाही. शोमरोन्याने तेल ओतले म्हणून उतारशाळेचे मोल कमी झाले नाही. उलट त्या तेलामुळेच जखमी मनुष्य उतारशाळेपर्यंत टिकला. तुमच्या पत्नीला आज रात्री चार घटका झोप मिळाली, ती सकाळी भाकरीचा तुकडा खाऊ शकली, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवू शकली, तर तारीख येईपर्यंत अंगात बळ राहील. आणि समजा देवाच्या इच्छेने ती तारीख तिला बरे करू शकली नाही, तरी तिचे उरलेले दिवस कण्हण्यात न जाता तुमच्याशी बोलण्यात, गाण्यात व प्रार्थनेत गेले, हे काय लहान दान आहे?

ज्याने आमचे आजार स्वतःवर घेतले तो प्रभू येशू ह्या वाटेवरच्या प्रत्येक घरास कळवळा देवो, जिभेस स्पष्टता देवो, पायांस पुन्हा जाण्याचे बळ देवो, आणि ज्यांच्या हाती औषध आहे त्यांचे कान उघडो. आमेन.